हवामान कृतीसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य: अग्रक्रम कशाला द्यावा?

क्षितिजरेषा (मूळ लेखन)

रिओ येथे १९९२ साली भरलेल्या वसुंधरा परिषदेत हवामान बदलाविषयीचा आराखडा करार सह्यांसाठी खुला झाला आणि १९९४ मध्ये तो अमलात आला. त्यानंतर १९९७ चा क्योटो करार, २०१५ चा पॅरिस करार आणि दरवर्षीच्या परिषदा, अशी या वाटाघाटींची तीन दशकांहून मोठी परंपरा झाली आहे. याच काळात हरितगृह वायूंचे जागतिक उत्सर्जन वाढत राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबानुसार २०२३ मध्ये ते कार्बन डायऑक्साइडच्या परिमाणात ५७.१ अब्ज टन झाले. २०२४ हे औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण ठरलेले पहिले वर्ष होते. पॅरिस करारातील दीड अंशाची मर्यादा दीर्घकालीन सरासरीवर मोजली जाते, त्यामुळे एका वर्षावरून ती ओलांडली गेली असे म्हणता येत नाही. पण आता हाताशी किती थोडी सवड उरली आहे हे त्यावरून कळते.

हे सारे प्रयत्न वाया गेले असे मी म्हणत नाही. पॅरिस करार झाला तेव्हा या शतकाच्या अखेरीस तीन अंशांहून अधिक तापमानवाढीचा अंदाज होता. आज राबवल्या जाणाऱ्या धोरणांनुसार तो २.८ अंशांच्या आसपास आहे. ही घट कशामुळे झाली हे पाहिले, तर मात्र विचार करण्यासारखी गोष्ट समोर येते. सौर विजेचा खर्च २०१० ते २०२३ या काळात सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. त्यामागे २००० साली जर्मनीने केलेला हमीदराचा, म्हणजे अशी वीज ठरलेल्या दराने विकत घेण्याची हमी देणारा कायदा होता, चीनने उभारलेले प्रचंड कारखाने होते आणि उत्पादन वाढत गेले तसे स्वस्त होत गेलेले तंत्र होते. कोणत्याही जागतिक कराराने ती किंमत ठरवली नव्हती. वीज स्वस्त झाल्यावर देशांनी ती स्वतःच्या हितासाठी घेतली, कोणाला दिलेल्या वचनापोटी नव्हे.

म्हणून या धाग्यात मला एक प्रश्न मांडायचा आहे. जी कामे देश स्वतःच्या हितासाठी करणारच आहेत त्यांवर वाटाघाटींचा वेळ खर्च करण्याऐवजी, जी कामे एकट्या देशाला करताच येत नाहीत तेवढीच आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या अग्रक्रमावर ठेवावीत का? माझ्या मते ठेवावीत. अशी कामे मला चार दिसतात: गरीब देशांसाठी भांडवल स्वस्त करणे, मिथेनची गळती थांबवणे, सागरी वाहतूक व पोलाद यांसारख्या सीमा ओलांडणाऱ्या उद्योगांसाठी समान नियम करणे आणि ज्यांचे उत्सर्जन नगण्य आहे अशा देशांना बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी मदत करणे.

यांपैकी पहिल्या कामाविषयी सविस्तर लिहितो, कारण त्याची चर्चा सर्वांत कमी होते. सौर किंवा पवन प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो. त्यानंतर इंधन फुकट असते. वायूवर चालणाऱ्या प्रकल्पाचे उलट असते, तेथे उभारणी तुलनेने स्वस्त आणि इंधनाचा खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो. याचा परिणाम असा की सौर विजेचा दर सूर्यप्रकाशाइतकाच कर्जाच्या व्याजदरावर ठरतो. पंचवीस वर्षांच्या परतफेडीचे कर्ज ४ टक्क्यांऐवजी १२ टक्क्यांनी घ्यावे लागले, तर वार्षिक हप्ता जवळजवळ दुप्पट होतो. पॅनेल तेच, जोडणी तीच, ऊन कदाचित अधिक प्रखर, तरीही वीज महाग. जगातील सर्वोत्तम सौर क्षमतेपैकी सुमारे ६० टक्के आफ्रिका खंडात आहे आणि उभारलेल्या सौर प्रकल्पांतील त्याचा वाटा मात्र एक टक्क्याच्या आसपास आहे. चलनाची घसरण, वीज मंडळांची थकबाकी आणि देशाचे पतमानांकन या तीन गोष्टींची भीती सावकार व्याजात भरून काढतो. ही भीती कमी करणे त्या देशाच्या एकट्याच्या हातात नसते. जागतिक बँक आणि प्रादेशिक विकास बँकांनी हमी दिली, पहिला तोटा सोसण्याची तयारी दाखवली आणि चलनाची जोखीम स्वतःकडे घेतली, तर व्याजदर उतरू शकतो. उत्सर्जन कमी करण्याचा याहून थेट मार्ग मला तरी दिसत नाही.

समन्याय

मांडणी स्पष्ट आहे, परंतु तिच्यातून जबाबदारीचा प्रश्न बाजूला पडतो आणि तो बाजूला ठेवून कोणतेही सहकार्य टिकणार नाही असे मला वाटते. १९९२ च्या आराखडा करारातच ‘सामायिक परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व लिहिलेले आहे. आजवर जीवाश्म इंधनांतून वातावरणात गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. त्याच अमेरिकेने क्योटो करारावर सही केली पण त्याला संसदेची मान्यता घेतली नाही, पॅरिस करारातून २०२० मध्ये ती बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. ज्या देशांना आपण दीर्घकालीन योजना आखायला सांगतो, त्यांनी या चंचलतेचा हिशेब कसा करावा?

पैशाचेही तसेच आहे. विकसित देश २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करतील असे २००९ मध्ये कोपनहेगन येथील हवामान परिषदेत सांगितले गेले. विकसित देशांच्याच संघटनेच्या मोजणीनुसार तो आकडा २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा, गाठला गेला आणि त्यातील सरकारी रकमेचा मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले. विकसनशील देशांची मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती. त्या मोठ्या रकमेला ठरावात स्थान मिळाले, पण सर्व मार्गांनी मिळून गाठायचे आवाहन एवढेच तिचे स्वरूप राहिले.

मिथेनला अग्रक्रम देण्याविषयी माझी वेगळी शंका आहे. मानवी कारणांनी होणाऱ्या मिथेन उत्सर्जनात शेती आणि पशुपालनाचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ४० टक्के आहे. तेव्हा मिथेनचे नाव घेत श्रीमंत देशांच्या मोटारी आणि वीजकेंद्रांवरचा रोख भातशेती आणि दोन-चार जनावरे पाळणाऱ्या कुटुंबांकडे वळणार नाही, याची खात्री कोण देणार?

क्षितिजरेषा

समन्याय, आपली मिथेनविषयीची शंका रास्त आहे, म्हणून मी ‘गळती’ असे म्हटले होते. मानवनिर्मित मिथेनपैकी साधारण एक तृतीयांश तेल, वायू आणि कोळशाच्या व्यवसायातून येतो. तो विहिरींच्या तोंडातून, वाहिन्यांच्या सांध्यांतून आणि खाणींच्या वायुवीजनातून सुटतो. त्यातील तेल-वायू क्षेत्राचा मिथेन हा विकता येण्याजोगा माल आहे, त्यामुळे ही गळती थांबवण्याचा बराचसा खर्च वाचलेल्या वायूच्या विक्रीतून निघू शकतो. भातखाचरांना यात ओढण्याचे कारणच नाही. तेथील उपाय वेगळे आहेत आणि ते शेतकऱ्याच्या उत्पन्नाला धक्का न लावताच करायला हवेत.

मिथेनचे महत्त्व त्याच्या स्वभावामुळे आहे. वातावरणात तो साधारण बारा वर्षे टिकतो, परंतु वीस वर्षांच्या कालावधीत त्याची उष्णता अडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट असते. कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन थांबवल्यावर तापमानाची वाढ थांबते. मिथेनचे उत्सर्जन घटवल्यास काही दशकांत तापमान थोडे खालीही येऊ शकते. पुढच्या वीस वर्षांत फरक दिसावा असे ज्यांना वाटते त्यांच्या हाती याइतके प्रभावी दुसरे साधन नाही. २०२१ मध्ये ग्लासगो येथे घेतलेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत २०३० पर्यंत २०२० च्या तुलनेत ३० टक्के घट करण्याचे ठरले आणि दीडशेहून अधिक देश त्यात आले, मात्र चीन, भारत आणि रशिया बाहेर राहिले. प्रतिज्ञा ऐच्छिक आहे, तिला दंड नाही आणि देशनिहाय वाटणीही नाही. आता उपग्रहांतून मोठी गळती टिपता येते, संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा संबंधित सरकारांना आणि कंपन्यांना तशी सूचनाही पाठवते. पण सूचना मिळाल्यावर कृती करण्याचे बंधन कोणावर नाही. सहकार्याने नेमकी हीच उणीव भरून काढायला हवी.

रसायनी

बंधन कसे घालता येते याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठी १९८७ मध्ये झालेला माँट्रियल करार जगातील सर्व देशांनी मान्य केला आहे आणि ओझोनचा थर विरळ करणाऱ्या क्लोरोफ्लुओरोकार्बन (सीएफसी) या शीतकरणातील रसायनांचे उत्पादन त्यामुळे जवळजवळ थांबले. त्याच्या यशाचे कौतुक सगळे करतात, परंतु त्याच्या कलमांची रचना फार थोडे वाचतात. सदस्य नसलेल्या देशांशी या रसायनांचा व्यापार करण्यास त्यात मनाई होती, त्यामुळे बाहेर राहणे महाग पडत होते. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत होती. १९९० मध्ये लंडन येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र निधी ठरला. त्याच्या कार्यकारी समितीत विकसित आणि विकसनशील देशांचे प्रत्येकी सात सदस्य असतात आणि दोन्ही गटांचे बहुमत मिळाल्याशिवाय मतदानाने निर्णय होत नाही. समन्याय यांनी ज्या जबाबदारीविषयी लिहिले आहे, ती तेथे भाषणात न राहता समितीच्या रचनेत उतरली.

त्या करारावर लक्ष ठेवणारी व्यवस्थाही डोळसपणे काम करते. बंदी असलेल्या सीएफसी-११ चे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटत नसल्याचे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. दक्षिण कोरिया आणि जपानमधील हवामापन केंद्रांच्या नोंदींवरून त्याचा मोठा स्रोत पूर्व चीनमध्ये असल्याचे २०१९ मध्ये समोर आले आणि त्यानंतर काही काळातच ते उत्सर्जन घटले. स्वयंघोषित आकडेवारीवर विसंबून राहिले असते, तर ही चोरी कधीच उघडकीला आली नसती.

याच करारात २०१६ च्या किगाली दुरुस्तीने शीतकरणातील हायड्रोफ्लुओरोकार्बनचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. ती पूर्णपणे पाळली गेल्यास शतकाच्या अखेरीस ०.५ अंशापर्यंत तापमानवाढ टळू शकते. इतका मोठा लाभ हवामान परिषदांबाहेरच्या करारातून मिळावा, हे मला फार बोलके वाटते. एकच सर्वसमावेशक करार करण्याऐवजी एकेका वायूसाठी, एकेका उद्योगासाठी वेगळा, नेमका आणि पैशाची तरतूद असलेला करार करावा असे माझे मत आहे.

चौकस

रसायनी, आपण दिलेली माहिती मोलाची आहे, पण तुलना मर्यादेतच वापरावी लागेल. क्लोरोफ्लुओरोकार्बन बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, पर्यायी रसायन विकून त्यांनाच नफा मिळणार होता आणि ग्राहकाला शीतकपाटाच्या आतला बदल जाणवतही नव्हता. कोळसा आणि तेलाचे तसे नाही. त्यांवर राज्यांचे महसूल, लाखो कामगारांचे रोजगार आणि अनेक देशांचे अर्थसंकल्प उभे आहेत. शिवाय पैसा ओतला की काम होतेच असे नाही. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेत विकसनशील देशांतील उत्सर्जनकपातीबद्दल विकता येणारी प्रमाणपत्रे मिळत. तेथे हायड्रोफ्लुओरोकार्बन-२३ हा दुसरे रसायन बनवताना आपोआप निघणारा वायू नष्ट केल्याबद्दल इतके मोल मिळत असे की काही कारखान्यांनी तो नष्ट करता यावा म्हणूनच अधिक निर्माण केल्याचे आरोप झाले, आणि २०१३ पासून युरोपीय संघाने आपल्या बाजारात ती प्रमाणपत्रे स्वीकारणे बंद केले. मोबदला कशाला जोडला आहे, यावर सारे अवलंबून असते.

व्यापाराचे हत्यारही दुधारी आहे. युरोपीय संघाचा सीमा कार्बन शुल्काचा, म्हणजे आयात मालावर त्याच्या उत्पादनातील उत्सर्जनानुसार आकारणी करण्याचा नियम २०२३ च्या ऑक्टोबरपासून माहिती गोळा करण्यापुरता सुरू झाला आणि २०२६ पासून त्यात प्रत्यक्ष आर्थिक भार येतो. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज त्याच्या कक्षेत आहेत. निर्यात करणाऱ्या विकसनशील देशांचा आक्षेप असा आहे की येथे सवलतीचा काळ नाही, निधी नाही आणि निर्णयात सहभागही नाही. माँट्रियलच्या रचनेतला शिक्षेचा भाग उचलला आणि साहाय्याचा सोडून दिला, असे मला यात दिसते. या शुल्कातून येणारी रक्कम निर्यातदार देशांच्या कारखान्यांच्या आधुनिकीकरणासाठी परत दिली, तर विरोध बराच निवळेल.

निर्णयपद्धतीविषयीही लिहायला हवे, कारण चर्चा तेथेच अडते. हवामान आराखडा करारातील देशांनी मतदानाचा नियम आजतागायत स्वीकारलेला नाही. परिणामी प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने होतो आणि ज्या थोड्या देशांना तो नको असतो ते मसुद्याची धार काढून टाकू शकतात. ‘जीवाश्म इंधनांपासून दूर जाणे’ हे शब्द निर्णयात यायला २०२३ ची दुबई परिषद उजाडावी लागली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत मतदान होते. जागतिक उत्सर्जनात सुमारे ३ टक्के वाटा असलेल्या सागरी वाहतुकीसाठी इंधनाचे मानक आणि उत्सर्जनावर आकारणी असा आराखडा तेथे एप्रिल २०२५ मध्ये ६३ विरुद्ध १६ मतांनी पुढे सरकला. ऑक्टोबरमध्ये तो अंतिम मान्यतेसाठी आला, तेव्हा अमेरिकेच्या तीव्र विरोधानंतर ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. म्हणजे मतदान असूनही दबाव चालतोच. मात्र कोण कोठे उभा होता हे नोंदले जाते, आणि सर्वसंमतीच्या बंद दालनात तेही होत नाही.

किनारपट्टी

या धाग्यात उत्सर्जनाविषयी बरेच आले. बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याचे काम मात्र मूळ लेखात चार कामांच्या यादीत शेवटी आले आणि तेथेच थांबले. मला ते पहिल्या क्रमांकावर हवे आहे आणि त्याचे कारण धाग्यात मांडलेल्या कसोटीतच आहे. जे काम एकट्या देशाला करता येत नाही ते सहकार्याने करावे, असे म्हटले आहे. सौर प्रकल्पातून वीज विकून कर्ज फेडता येते. समुद्राची भिंत, उंचावर बांधलेली शाळा, दुष्काळात तग धरणारे बियाणे किंवा वादळाची पूर्वसूचना यांतून तसे उत्पन्न मिळत नाही. त्यामुळे खाजगी गुंतवणूकदार तिकडे फिरकत नाही आणि व्याजदर कितीही उतरवला तरी फिरकणार नाही. तेथे अनुदानच लागते.

या खर्चाने काय साधते ते बांगलादेशाच्या किनाऱ्यावर दिसते. १९७० च्या भोला चक्रीवादळात तेथे किमान तीन लाख माणसे मेली आणि १९९१ च्या वादळात सुमारे १,३८,००० मेली. २०२० च्या अंफान वादळात बांगलादेशातील मृतांची संख्या काही डझनांत मोजण्याइतकी होती. मधल्या काळात निवारे बांधले गेले, इशारा गावागावांत पोहोचवणारे स्वयंसेवक तयार झाले आणि उपग्रहांची माहिती वेळेवर मिळू लागली. वादळे बदलली नाहीत, तयारी बदलली. असे असूनही विकसनशील देशांना अनुकूलनासाठी, म्हणजे असे जुळवून घेण्यासाठी, मिळालेला आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधी २०२२ मध्ये २८ अब्ज डॉलर होता आणि २०२३ मध्ये तो २६ अब्जांवर घसरला. २०३५ पर्यंत लागणारी रक्कम वर्षाला किमान ३१० अब्ज डॉलर असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

ज्या हानीशी जुळवून घेणेच शक्य नाही तिचा प्रश्न आणखी वेगळा आहे. समुद्राची पातळी वाढल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी विम्यासारखी व्यवस्था असावी, असा प्रस्ताव वानुआतूने लहान बेटांच्या वतीने १९९१ मध्येच मांडला होता. त्यासाठीचा निधी स्थापन करण्याचा निर्णय शर्म अल-शेख येथे २०२२ मध्ये झाला आणि आजवर जाहीर झालेल्या रकमा एक अब्ज डॉलरपर्यंतही पोहोचलेल्या नाहीत. त्याच वानुआतूच्या पुढाकाराने हा विषय आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य असून त्याचा भंग झाल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते, असे मत न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. ते सल्लास्वरूप आहे, तरी यापुढे कोणत्याही वाटाघाटीत ते दुर्लक्षून चालणार नाही.

क्षितिजरेषा

किनारपट्टी यांच्या प्रतिसादाने क्रमापेक्षा वाटणीचा प्रश्न पुढे आणला आहे आणि तो अधिक उपयोगाचा आहे. अनुदानाचा पैसा नेहमीच तुटपुंजा असणार, तेव्हा तो जेथे दुसरा कोणताही पैसा येणार नाही तेथेच जावा: अनुकूलन, हानीची भरपाई आणि अत्यंत गरीब देश. मध्यम उत्पन्नाच्या देशांतील वीजप्रकल्पांसाठी अनुदान खर्च करणे मला गैर वाटते, कारण तेथे हमीने काम भागते. हमीचा गुण असा की प्रकल्प बुडाला तरच पैसा द्यावा लागतो, त्यामुळे तेवढ्याच राखीव रकमेवर कितीतरी मोठे कर्ज उभे राहते.

समन्याय

ही विभागणी मला मान्य आहे, पण एका अटीवर. बाकूच्या उद्दिष्टात सरकारी, खाजगी, द्विपक्षीय आणि बहुपक्षीय असे सर्व प्रकारचे स्रोत मोजण्याची मुभा आहे. दिलेल्या हमीची पूर्ण दर्शनी रक्कम ३०० अब्जांत धरली गेली, तर एक डॉलरही न देता उद्दिष्ट गाठल्याचे दाखवता येईल आणि अनुदानाचा हिस्सा आणखी आक्रसेल. म्हणून हमी वेगळ्या रकान्यात नोंदवावी, कर्जातील केवळ सवलतीचा भाग मदत म्हणून मोजावा आणि अनुकूलनाच्या अनुदानाला त्या ३०० अब्जांत स्वतःचा राखीव आकडा असावा. हा हिशेब तपासणाऱ्या समितीत घेणाऱ्या देशांना देणाऱ्यांइतक्याच जागा असाव्यात. रसायनी यांनी सांगितलेल्या सात आणि सातच्या समितीचा नमुना त्यासाठी तयारच आहे.